पाहुण्यांच्या हातात घमेलं

मी देश सोडला तोच मुळी दोनदा. सांगलीच्या स्टँडवर आईनं डोळ्याला पदर लावला, वडिलांनी पाठीवर थाप मारली आणि मी ऐटीत मुंबईऐवजी मिरजेच्या गाडीत चढलो. विश्रामबागला उतरून रिक्षानं परत आलो, तर सगळे चहा पीत होते. दुसऱ्यांदा कुणी रडलं नाही. वडील एवढंच म्हणाले, "जाऊन ये. पर येच."

ते 'येच' त्यांनी सोडलं नाही. आफ्रिकेत, मलावीतल्या एका खेड्यात मी शाळेत गणित शिकवतो. करार संपत आला तसे घरचे फोन वाढले. अशात विश्रामबागच्या एका कॉलेजातली पोरं थोड्या दिवसांच्या सेवेला आली. पावसाआधी शाळेच्या स्वयंपाकाची शेड बांधायची होती. त्यांच्यावर लक्ष ठेवायला म्हणून माझे चुलते, फौजेतून निवृत्त झालेले तात्या, आले. खरं कारण पहिल्याच जेवणात निघालं.

"तुला न्यायला आलोय. ऊस कुणी बघायचा रं?"

'मला इथंच राहायचंय' हे सांगायचं सोडून मी त्यांना आणखी एक भाकरी वाढली.

आमच्याकडं पाहुणा खातो, राबत नाही. मी तेच चालवलं. मक्याच्या भाकऱ्या थापल्या, आईच्या चटणीची बरणी उघडली. कुणी विटेला हात लावला की, "राहू दे रं, आधी चहा!" दुपारी पोरं आडवी. भिंत गुडघ्याच्या वर जाईना.

आमच्या मुख्याध्यापिका ग्रेस मॅडमनी आधी आभाळाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "तुझ्याकडे लग्न आहे का? पाऊस आला की शाळेची चूल तुझ्या खोलीत मांडीन."

तेवढ्यात खाटेवरून तात्यांची हाक आली, "चहा टाक रं गड्या."

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आवं तात्या, उठा. पातेलं तितं हाय. चहा तुमचा तुमी करा, आन मग घमेलं उचला."

चुलत्याला असं बोललो म्हणून सांगलीकडं मला कुणी दारात उभं केलं नसतं.  तात्या उठले, सगळ्यांना चहा केला (गोड म्हणजे नुसता पाक) आणि फौजी आवाजात पोरांची रांग लावली. पाऊस आला तेव्हा शेडवर पत्रा होता.

निघताना तात्या म्हणाले, "पाव्हण्याला कामाला लावतोस व्हय? हितलाच झालास की. म्हंजे तू काय येत न्हाईस."

"न्हाई." एवढा एक शब्द बोलायला मला किती भाकऱ्या थापाव्या लागल्या!

"तुझ्या बाला मी सांगतो. शिव्या मातर तूच खा."

खाल्ल्या. करारावर पुन्हा सही केली. उसाचं म्हणाल, तर ताई तो माझ्यापेक्षा लय भारी बघते. तिला कधी कुणी विचारलं नाही, एवढंच.

मागच्या सुट्टीत घरी आलो, तेव्हा आई, तू मला खुर्ची दिलीस, कपाटातला कप काढलास, आणि मी चुलीपाशी आलो तर "बस की बाहेर" म्हणालीस. बसलो, पण पाहुण्यासारखा. पुढच्या वेळी बसणार नाही. खुर्ची काढू नकोस. तुझं पातेलं कुठं असतं ते मला ठाऊक आहे.