दहाव्याच्या सकाळचा फोन

बाबांच्या दहाव्याला मी सकाळी गुपचूप पेणच्या ऑफिसात गेलो. सुतकात घरी बसून बसून कंटाळलो होतो. आमच्या कंपनीचा कारखाना रोह्याला, आणि तिथला राउटर मी इथून सांभाळत असे. त्यात एक आकडा बदलायचा होता. मी चुकीचा आकडा टाकला आणि कारखान्याशी जोडणारी लाइनच बंद पडली. बाहेर उभं राहून आतली कडी लावावी, तसं झालं. नऊला गुरुजी नदीवर येणार होते. दुरुस्तीला एसटीनं रोह्याला गेलो असतो, तर बाबांचे पिंड कुणी दिले असते?

अशा वेळेसाठीच राउटरच्या मागच्या पोर्टला एक मोडेम जोडलेला होता. फोन लावला की आडवाटेनं आत शिरता येई. त्याला कुठली फोनलाइन द्यायची यावर वर्षापूर्वी वाद झाला होता. मॅनेजरना स्विचबोर्डचं एक्स्टेन्शन पुरेसं वाटत होतं. ते मी घरी सांगितलं. बाबा निवृत्त मास्तर; ‘मोडेम’ हे त्यांना जुलाबाच्या औषधाचं नाव वाटे. त्यांनी वर्तमानपत्रातून मान न काढता विचारलं, "ऑपरेटरबाई घरी गेल्यावर कोण जोडून देणार? तू मुंज्याला सांगणार?"

म्हणून मी गेटवरच्या केबिनची थेट लाइन निवडली. पाचव्या रिंगला मोडेमनं फोन घ्यायचा, असं ठरवून ठेवलं. पण केबिनमधला माणूस बाबांनीही हिशेबात धरला नव्हता.

दुसऱ्याच रिंगला केबिनमधल्या, वरसे गावच्या वॉचमननी फोन उचलला. वडील गेल्याचं समजलं, वाईट झालं, म्हणाले. मी आभार मानले, आता वाजला तर उचलू नका म्हणून सांगितलं आणि पुन्हा लावला. त्यांनी पुन्हा उचलला.

"साहेब, फोन वाजतोय नि उचलायचा नाय, हे मला जमत नाय बघा. त्यात तुमच्या घरी असं झालेलं." मग हलक्या आवाजात, "शेवटाला काय बोलले काय?"

"चहात साखर कमी आहे म्हणाले."

"आमचा बाप कालवणाला नावं ठेवत गेला," ते म्हणाले. "असं करतो, मी गेटाबाहेर जाऊन उभा राहतो. मग हात पोचायचा नाय."

या वेळी पाच रिंगा पुऱ्या झाल्या. मोडेम किंचाळला, पडद्यावर राउटरनं पासवर्ड विचारला. इतक्या अदबीनं त्या आठवड्यात मला कुणी काही विचारलं नव्हतं. आकडा दुरुस्त केला, लाइन आली.

नदीवर पोचलो तेव्हा आत्या वाटेकडे डोळे लावून होती. कुठे होतास, तिनं विचारलं. रोह्याला, मी म्हणालो. तिनं माझ्या धूळही न लागलेल्या चपलांकडे पाहिलं आणि पिंडांचं ताट माझ्या हातात दिलं.

पिंड मीच ठेवले. हात जोडायच्या आत कावळा शिवून गेला. वाट बघणं बाबांना कधी जमलंच नाही. मी वेळेत पोचलो, हेच नशीब.