शनिवारचा उपास

हे माझ्या नवऱ्याला कळलं नाही, सासूबाईंना कळलं नाही, पाळकसाहेबांना तर नाहीच नाही. ठाऊक होतं फक्त एका कुत्र्याला, आणि तो खाल्ल्या खिचडीला जागला. शेवटपर्यंत भुंकला नाही. आता तुम्हाला सांगते — सांगतेच!

पंच्याऐंशी-शहाऐंशीची गोष्ट असेल. लग्न होऊन मी धरणगावहून धुळ्याला आले. काय तो माझा नखरा! नायलॉनची साडी, कानामागे अत्तर, आणि गळा बरा म्हणून चर्चमध्ये गाताना डोळे मिटायची सवय. मागच्या बायका बघतायत ना, एवढं मात्र एक डोळा किलकिला करून पाहून घ्यायचे.

सासूबाई महिला मंडळाच्या पुढारी. दर शनिवारी दुपारी चर्चच्या आवारात तुरीच्या डाळीची खिचडी शिजायची, आणि आम्ही बायका पातेलं घेऊन पांझरेच्या काठी जायचो. तिथे पत्र्याच्या आडोशाला घरदार नसलेली माणसं राहायची. सासूबाईंचा दंडक एकच — "वाढून पळायचं नाही. मांडीला मांडी लावून पंगतीत बसायचं. नुसता वाढतो तो वाढपी. जेवतो तो भाऊबंद."

सगळ्या बसायच्या. सगळ्या जेवायच्या. मी — कसं सांगू? — मला किळस यायची. त्या माश्या, तो वास, ते हात. म्हणून ही शहाणी घरूनच भरीत-भाकरी खाऊन निघायची. पंगतीत खिचडीचे गोळे करायची, बोटं चाटल्यासारखं करायची, आणि हळूच पत्रावळ मागे सरकवायची. मागे मोत्या. महिनाभरात कुत्रा असा फुगला की सासूबाई म्हणाल्या, "गाभण आहे की काय हा?"

पण तिथल्या जनाअक्काचे डोळे तेज. म्हातारी, पाठीत वाकलेली, दात दोन की तीन. एका शनिवारी माझ्या कानाशी आली.

"पोरी, तू खास नही. तुना उपास शे का वं?"

शनिवार! तिच्या हिशेबी शनिवारी न खाणारी बाई उपासाचीच असणार, दुसरं काय? मी काय म्हणायला हवं होतं? आणि काय म्हणाले?

"हो, अक्का."

"आमनासाठे?"

मी मान डोलावली. मान डोलवायला काय जातं हो!

पुढच्या शनिवारी अक्कानं पदराची गाठ सोडली. आत एक केळं, साल काळी पडलेली. "हाई ले. उपासले चालस." सगळी पंगत बघत होती. ते केळं मी खाल्लं. डोळे मिटून — या खेपेला खरोखर मिटून.

पंगतीतून ती बातमी सासूबाईंकडे गेली. त्यांचे डोळे भरून आले. "उपासाला केळं चालतं हे आपल्यात कुणी ठरवलं गं?" असं म्हणून हसल्याही. आणि रविवारी उपासनेत म्हणाल्या, "सूनबाई, साक्ष दे."

मी उभी राहिले, आणि दिली! भुकेल्यांसाठी भूक कशी सोसते, प्रभू कसं बळ देतो — काय रंगले म्हणून सांगू! रडले, रडवलं. त्या आठवड्यापासून मंडळातल्या बायका शनिवारी सकाळपासून उपाशी राहू लागल्या. पंगतीआधी नदीकाठी प्रार्थना सुरू झाली. काठावरची माणसंही हात जोडून बसू लागली. आम्ही गायचो, ते टाळ्यांचा ठेका धरायचे. कुणाचा देव कोणता, हे कुणी कुणाला विचारलं नाही. असा आनंद त्या मंडळीत मी कधी पाहिला नव्हता. आणि त्या आनंदाच्या मधोमध मी — पोटात वांग्याचं भरीत घेऊन.

मग तो शनिवार आला. अक्कानं पत्रावळ घेतलीच नाही.

"अक्का, जेवा ना."

"आज मना उपास. तू आमनासाठे करस, मी तुनासाठे. तुनी कूस उजवू दे, माय."

लग्नाला तीन वर्षं होत आली होती, घरात पाळणा हलला नव्हता. हे तिला कुणी सांगितलं, देव जाणे. आठवड्यात तिला पोटभर म्हणावं असं तेवढं एकच जेवण, आणि ते ती माझ्यासाठी सोडून बसली होती!

तेव्हा तरी बोलावं की नाही? तोंड उघडलं मी. आणि बाहेर काय आलं? "अक्का, माझा उपास आज पुरा झाला. तुम्ही सोडा, मीही सोडते. एकाच पत्रावळीत जेवू." आणखी एक थाप!

पण जेवले. भरल्या पोटावर जेवले. तिनं कालवलेला घास तिच्याच हातून घेतला. पंगतीतली माणसं खदाखदा हसली, सासूबाईंनी तिथेच गाणं धरलं, मोत्या मागे कुंई-कुंई करत राहिला. मी हसत होते, रडत होते — आणि किळस कुठे गेली, मला कळलंच नाही. त्यानंतर मी घरून जेवून कधी गेले नाही. शनिवारची वाट बघायचे, अगदी लहान पोरीसारखी!

खरं मात्र अक्काला सांगितलं नाही. माझा थोरला झाला तेव्हा त्याला मांडीवर घेऊन ती काठावर सगळ्यांना सांगत बसली, "हाई मनी उपासवाली पोर." मी शेजारीच उभी होते. पुढे ती गेली. मग सासूबाईही गेल्या.

मंडळातल्या बायका अजून शनिवारचा उपास धरतात. परवा एका नव्या सुनेनं विचारलं, "आजी, पहिला उपास तुम्हीच धरलेला ना?"

मी मान डोलावली.

त्या पहिल्या उपासाच्या दिवशी मी दोन भाकरी खाऊन गेले होते.