भिंत कशाची, ते आईला माहीत होतं

मंडळी, आज आई थोडक्यात वाचली.

तिच्या शिलाई मशीनच्या वर मला पुस्तकांची फळी लावायची होती. दुकानदाराने विचारलं, "भिंत कशाची?" मी ऐटीत म्हटलं, "सिमेंटची." त्याने स्क्रूसाठी साध्या प्लास्टिकच्या गिट्ट्या दिल्या.

फळी लागली. पुस्तकं ठेवणार, तेवढ्यात आई म्हणाली, "थांब गं. भिंत आतनं पोकळ हाय. घर बांधताना एकेक ब्लॉक म्याच डोक्यावर वाह्यलाय की!"

फळी जरा ओढली, तर गिट्ट्यांसकट हातात आली.

मग पोकळ भिंतीचे, आत गेल्यावर उघडणारे फास्टनर आणले. आता फळी हलत नाही.

आई खाली बसून हसतेय, "पदवीधरबाई, इचारत जावा की!"

तुम्ही घरात कुणाला विचारायचं विसरलात?