रानशेतची कादंबरीतली विहीर

“मीच ढकलली तिला, असंच लिवलंय ना त्या पाटीवर? मग वाच की मोठ्यानं. माझ्यासमोर वाच, मास्तर.”

म्हातारा विहिरीच्या कठड्याला धरून ओरडत होता आणि माझ्याबरोबर आलेले मुंबईचे अकरा वाचक फोन वर करून त्याचं चित्रण करत होते. त्यांना वाटलं, हाही फेरीचाच भाग. चूक त्यांची नाही. सकाळपासून मी त्यांना इतकं काही दाखवलं होतं की आता विहिरीतून हत्ती वर आला असता तरी त्यांनी टाळ्याच वाजवल्या असत्या.

तीन वर्षांपूर्वी आमचा लेखक वारला. रहस्यकथांचा राजा, अख्ख्या महाराष्ट्राची झोप उडवणारा माणूस, आणि शाळेत माझ्या बाकावर बसून माझीच गणितं उतरवणारा. तो गेल्यावर इथल्या वाचक मंडळानं त्याच्या स्मृतीच्या पाट्या लावल्या आणि ती ठिकाणं दाखवायचं काम माझ्याकडे आलं. निवृत्त मास्तर, आवाज डहाणूत लावला तर तलासरीत ऐकू जाणारा, आणि लाज कधीच नव्हती. दुसरा कोण मिळणार?

पहिलं ठिकाण डहाणूतलं त्याचं जन्मघर. तिथे टांगलेला पाळणा बघून बायकांचे डोळे भरून येतात. पाळणा माझ्या मुलीचा आहे. मग चिखल्याचा किनारा, सुरूच्या झाडांखालचा बाक. इथे एका बैठकीत त्यानं तीन खून रचले आणि तेवढा वेळ समोरची भरती अडून राहिली होती, असं मी सांगतो. खरं म्हणजे तो त्या बाकावर जन्मात एकदाच बसला, चपलेचा अंगठा तुटला म्हणून. भरतीबद्दल आजवर एकाही शहाण्यानं शंका काढलेली नाही.

शेवटचं ठिकाण ही विहीर. हिच्यावरच्या कादंबरीनं त्याला मोठं केलं. आणि त्या कादंबरीतला खुनी समोर उभा राहून मला वाच म्हणत होता.

तीसेक वर्षांपूर्वी मी रानशेतच्या शाळेत होतो. लेखक दिवाळीला घरी आला की माझ्याकडे चहाला यायचा आणि विचारायचा, “काय रे, आहे का काही?” मी कधी त्याला रिकाम्या हातानं पाठवलं नाही. त्या वर्षी पाड्यावरची एक बाई पाणी काढताना शेवाळावरून घसरून विहिरीत पडली. तेव्हा कठडा नव्हता. तिचा दीर जवळच्या ताडावर चढला होता, ताडीची मडकी उतरवायला. ओरडा ऐकून तो सरसर खाली आला, तसाच विहिरीत उडी टाकली, तिला बाहेर काढलं. ती गेलेली होती. पोलीस आले, विचारपूस झाली, अपघात म्हणून कागद झाला. एवढंच.

एवढंच सांगितलं असतं तर लेखक चहा पिऊन उठला असता. म्हणून मी आवाज खाली आणला आणि म्हणालो, “पण एक आहे. ओरडा व्हायच्या आधीच त्याचे कपडे ओले होते.”

हे एक वाक्य माझं. बाकीची दोनशे पानं त्याची.

पुस्तक आलं तेव्हा मी फुगून हत्ती झालो होतो. पाड्यावर वाचता येणारे दोन-चारच. मी सगळ्यांना शाळेच्या ओट्यावर बोलावलं आणि रोज शाळा सुटल्यावर, उजेड असेपर्यंत, चार दिवस पुस्तक वाचून दाखवलं. नावं बदललेली होती, पण विहीर, ताड, शेवाळ सगळं जागच्या जागी. कसं वाचलं म्हणता. बायांनी श्वास धरले होते, कोंबड्या गप्प होत्या. चौथ्या दिवशी ओल्या कपड्यांच्या पानावर आलो तेव्हा तो दीर मागच्या रांगेतून उठला आणि निघून गेला. मला वाटलं, माझ्या वाचनानं हलला.

कादंबरी म्हणजे काय हे त्यांना सांगायला मी विसरलो. त्या पाड्यावर तोवर छापील कागद यायचा तो तहसीलचा, नाही तर पोलिसांचा, नाही तर कोर्टाचा. छापून आलंय म्हणजे चौकशी झालीय, साहेब लोकांनी शोधून काढलंय, आणि ते मास्तरांनी वाचून दाखवलंय. असा निकाल लागला. त्याला कुणी हात लावला नाही, शिवीही दिली नाही. फक्त त्यानं उतरवलेली ताडी कुणी पिईना. मेलेल्या बाईचा दहा वर्षांचा मुलगा त्याच्या अंगाखांद्यावर वाढलेला, त्याला मामा येऊन घेऊन गेला. माझी बदली झाली आणि मी ते सोयीनं विसरलो.

तो मुलगा मोठा होऊन वडिलांच्या घरी परतला, पण काकाशी बोलला नाही. आता त्याच्या मुलीचं लग्न. विहिरीपलीकडे अंगणात मांडवाचे खांब उभे राहिले होते. ह्या घराण्याच्या मांडवात उंबराची फांदी लागते आणि ती घरातल्या सगळ्यात थोरल्या पुरुषानं तोडून आणायची असते. थोरला आता हाच एक उरला होता.

ओरडून ओरडून त्याचा घसा बसला. मग हळू म्हणाला, “फांदी आणायला मना बोलावतील अजून. आज बोलावतील. तू सांग त्यांना, मास्तर. तू सांगितलेलं ऐकतात ते.”

आयुष्यात पहिल्यांदा मला बोलायला शब्द शोधावे लागले. खांब रोवणारी माणसं थांबून बघत होती. त्यांच्याकडे तोंड करून मी सांगितलं, की कपडे ओले होते ते ह्यानं उडी टाकली म्हणून. आधी ओले नव्हते. ते मी बनवलं, चहा पिता पिता, मित्राला खूश करायला. ह्या माणसानं कुणाला ढकललं नाही.

मग माझ्या अकरा वाचकांनी टाळ्या वाजवल्या. एक बाई शेजारणीला म्हणाली, “बघ, शेवटाला कसा धक्का दिला सरांनी.”

मांडवाकडे एकानं पहार उचलली आणि पुढचा खड्डा खणायला घेतला. म्हातारा माझ्याकडे बघत नव्हता. तो मांडवाकडे बघत होता.

मी अंगणात गेलो. मुलीचा बाप, म्हणजे तेव्हाचा तो दहा वर्षांचा मुलगा, सुतळीनं बांबू आवळत होता. माझ्याच हाताखाली बाराखडी शिकलेला.

“ऐकलंस ना?” मी म्हणालो. “खरं तेच सांगितलं मी.”

“तेव्हाही असंच सांगितलं होतं, सर. मी पुढेच बसलो होतो.”

“अरे, तेव्हा पुस्तक वाचत होतो. तुझा काका निर्दोष आहे. फांदी त्याला आणू दे.”

त्यानं गाठ मारली, सुतळी दातानं तोडली.

“फांदी सकाळीच आली,” तो म्हणाला. “मामानं आणली.”