न्यान मावशीचं नितळ पाणी

आमच्या डोंग थाप या सखल मुलखाच्या तुरटीच्या मातीत वाढलेलं पोर एक गोष्ट फार लवकर शिकतं: गढूळ पाण्याला भिऊ नये, नितळ पाण्याला भ्यावं. वाळलेल्या जमिनीवर पाऊस पडला की तो आतली तुरटी नि लोह धुऊन कालव्यात आणतो. गाळ तळाशी बसतो, पाणी काचेसारखं होतं. दिसत काहीच नाही, असतं सगळं!

माझी शेजारीण न्यान मावशी जन्मभर हे पाणी राख कालवून माणसात आणत आली. तरी दर वेळी ओंजळीत धरून बघत बसायची. "एवढं पोटात घेऊन असं कोरं तोंड कसं ठेवतं रे हे?" मला विचारायची.

तिच्या लेकीला, थामला, मागणी घालायला गोड्या पाण्याच्या नदीकाठची मंडळी आली. थामने चहा ओतला. पेल्यांत शाई!

मुलाची आई ताडकन उठली. "सोयरिकीला काळा चहा? अपशकुन झाला. चला!"

थाम पांढरीफटक पडली. मावशीने किटलीकडे पाहिलं, मग मुलाच्या आत्याच्या ओल्या बाह्यांकडे. आत्याबाई मघाशी मदतीला म्हणून चुलीपाशी गेल्या होत्या. कालव्याच्या पाण्यातलं लोह चहाला काळं करतं; मावशीला सगळं कळलं, पण ती हसली.

"बसा हो विहीणबाई. आमच्याकडची रीतच आहे ही."

कसली रीत नि कसलं काय! तिने अंगणातली छोटी लिंबं तोडली आणि पेल्यांत पिळली. काळं विरत गेलं, तपकिरी झालं, मग मधासारखं पिवळं. मी हे लहानपणी पाहिलेलं, तरी अंगावर काटा आला. सगळे माना पुढे काढून बघत होते.

"काळं गेलं कुठे?" मुलाच्या आईने हळूच विचारलं.

"जाईल कुठे? आतच आहे. पाण्याने सांभाळलंय."

तेवढ्यात आत्याबाई कळवळल्या. "अगं वहिनी, किटली मीच भरली, कालव्यावरून! इतकं स्वच्छ पाणी, मला वाटलं..."

मुलाची आई मावशीकडे बघतच राहिली. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"पाहुणीवर कसं बोट ठेवायचं?"

मुलाची आई खाली बसली. तो आंबटढाण चहा तिने एका दमात संपवला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग रिकामा पेला पुढे केला.

"थाम, ये सूनबाई. आणखी ओत."