डिस्पॅचच्या मशीनमधली दीड जीबी

सातपूरच्या ज्या कारखान्यात मी सर्व्हर सांभाळायचो, तिथे दोन हजारच्या दशकाच्या अखेरीस मोठा बदल झाला. आधी आमच्या एसी खोलीत पाच सर्व्हर शेजारी शेजारी घुमत असायचे. त्यांच्या जागी एकच दणकट सर्व्हर आला आणि त्याच्या पोटात पाच व्हर्च्युअल मशीन, म्हणजे आभासी संगणक, चालू लागली. हजेरीचं वेगळं, मेलचं वेगळं, डिस्पॅचचं वेगळं. प्रत्येकाला वाटायचं आपण स्वतंत्र आहोत. प्रत्यक्षात रॅम, म्हणजे मेमरी, सगळ्यांत मिळून एकच, त्या एका पेटीतली. हे काम मी जवळजवळ एकट्याने केलं होतं. त्यामुळेच असेल, बिघाड सुरू झाला तेव्हा तो माझ्या कामात असू शकेल हे माझ्या मनातही आलं नाही.

रोज साडेतीनच्या सुमारास, शिफ्ट बदलताना, डिस्पॅचचं सॉफ्टवेअर अडकायचं. गेटवर ट्रक उभे, चलन छापलं जात नाही, ड्रायव्हर वैतागलेले, आणि डिस्पॅचचे साहेब माझ्या फोनवर.

मी डिस्पॅचच्या मशीनमध्ये शिरून पाहिलं. दिलेली चार जीबी मेमरी संपत आलेली. कुठला प्रोग्रॅम किती खातोय त्याची यादी काढली, बेरीज केली. ती अडीच जीबीच्या वर जाईना. उरलेली दीड कुठे गेली? पुन्हा केली, तरी तेच. इथे कोणीतरी काहीतरी लपवून चालवतंय, असं माझ्या मनाने घेतलं.

लपवू शकणारं माणूस एकच होतं. ते सॉफ्टवेअर लिहिणारी माझी सहकारी. ती चांदवडची. शनिवारी बॅग घेऊनच कामाला यायची आणि सुटल्यावर परस्पर घरची एसटी धरायची. कामात ती माझ्यापेक्षा उजवी होती, आणि पुण्यात इंटरव्ह्यू देऊन आल्याचं कानावर आलं होतं. जाता जाता काही पेरून ठेवत असेल का? एकदा शंका आल्यावर तिचं सगळंच खटकायला लागलं. मी मागून गेलो की ती स्क्रीनवरची खिडकी मिटते, असं वाटायचं. साडेतीन वाजले की ती एका वहीत काहीतरी टिपायची. कोणासाठी टिपते?

एका सोमवारी, ती यायच्या आत, मी त्या मशीनवरचा तिचा पासवर्ड बदलला.

दहा वाजता ती माझ्या टेबलाशी आली. "सर, माझं लॉगिन होत नाहीये."

"नवीन नियम आलाय. काही काम असलं तर मला सांगा, मी करून देईन."

"सगळ्यांना आहे का?"

"हो," मी म्हणालो.

ती आपल्या जागेवर परत गेली.

त्याच आठवड्यात साहेबांनी आम्हा दोघांना बोलावून मला विचारलं, "नक्की दोष कुठेय?"

"सर्व्हर ठणठणीत आहे. प्रोग्रॅममध्ये असणार," मी म्हणालो. ती शेजारीच उभी होती. तिने फक्त वही उघडून पुढे धरली. त्यात महिन्याभराच्या नोंदी होत्या: किती वाजता अडकलं, तेव्हा प्रोग्रॅमवर किती लोक काम करत होते, किती मिनिटांनी सुटलं. ती म्हणाली, "साहेब, माणसं कमी असतात त्या दिवशीही अडकतं. सरांनी एकदा होस्टवर पाहावं." होस्ट म्हणजे ती मूळ पेटी. तिथे शिरायची परवानगी फक्त मला होती.

मी पाहायला बसलो ते तिला खोटं पाडायला. मेमरीचं पान उघडलं. डिस्पॅचच्या नावापुढे आकडा होता: दीड जीबी, होस्टने काढून घेतलेली. पेटीला मेमरी कमी पडली की होस्ट एखाद्या मशीनमध्ये जणू फुगा फुगवतो. तेवढी जागा आतून अडवतो आणि ती दुसऱ्याला देतो. आतल्या यादीत तो फुगा दिसत नाही. सोळा जीबीच्या पेटीतून मी बावीस जीबी वाटून बसलो होतो. साडेतीनला हजेरीचं आणि मेलचं मशीन एकदम जोर धरायची आणि खड्डा डिस्पॅचला पडायचा. त्यात सहावं एक मशीन होतं. दोन महिन्यांपूर्वी एका चाचणीसाठी मीच बनवलेलं, 'याची चार जीबी कोणी घ्यायची नाही' अशी खूण करून ठेवलेलं, आणि विसरलेलं.

ते बंद केलं. दुसऱ्या दिवशी साडेतीनला ट्रक एकामागून एक निघाले.

मी साहेबांकडे गेलो, तिलाही बोलावलं आणि चूक माझी होती हे सांगितलं. साहेबांनी मान डोलावली. त्यांना ट्रकशी मतलब. बाहेर आल्यावर तिने विचारलं, "पासवर्डचा नियम दुसऱ्या कोणालाच नव्हता ना?"

"नाही. तुमच्यावर संशय होता."

"मला वाटलंच होतं. पण तुम्ही आधी विचाराल असंही वाटलं होतं."

मी माफी मागितली. ती "ठीक आहे सर" म्हणाली आणि कामाला लागली.

पुण्याची नोकरी तिने घेतली नाही. आणखी दोन वर्षं आम्ही एकाच खोलीत बसलो. डबा खाताना बोलायचोही. पण सर्व्हरवरचं बारीकसारीक कामसुद्धा ती मला तोंडी सांगत नसे. चार हातांवर बसलेली असताना मेल लिहायची, आणि साहेबांना प्रत पाठवायची.