मुराळी बोटीवर

सिंगापूरहून निघालेल्या त्या बोटीवर आम्ही जळगावची अठरा माणसं होतो, आणि समुद्र नीट पाहिला असं छातीवर हात ठेवून सांगणारा त्यात एकही निघायचा नाही. बोटीवर नेट घ्यायचं तर वेगळे पैसे, आणि वेगळे पैसे म्हटलं की आमच्या ग्रुपला एकदम वैराग्य येतं. 'पाच दिवस फोन नको, निसर्ग बघू,' असं एकमताने ठरलं. दुसऱ्या दिवशी बोट पेनांगला लागली. धक्क्यावरच्या इमारतीत फुकट नेट आहे असं कळलं मात्र, हे सगळे निसर्गप्रेमी भिंतीला पाठ लावून ओळीने फरशीवर बसले. बाहेर अख्खा परदेश पडला होता आणि आत एक जण फोनवर ओरडत होता, "अरे, मोटर बंद केली का? टाकी वाहत असंल!"

मी हसतोय, पण त्या ओळीत सगळ्यात आधी जागा धरणारा मीच होतो. आयुष्यभर बसस्टँडवर कंट्रोलर होतो. माइकसमोर बसायचं, ड्रायव्हर-कंडक्टरची जोडी लावायची, गाड्या सोडायच्या आणि खुर्चीवरून न उठता अर्धा जिल्हा इकडचा तिकडे करायचा, हे माझं काम. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ना, त्याचा मला दरमहा पगार मिळत होता. रिटायर झालो तरी खोड काही गेली नाही. घर बंद करून निघताना फोनमध्ये कामांची यादी केली होती, ती बंदर आलं की एकेक उरकायची. कूलरचं गवत बदलून घेणे. सिलिंडर शेजारी उतरवणे. दूधवाल्याला सांगणे. लाइट बिल. अक्काला आणणे.

अक्का माझी थोरली बहीण. पिंपळनेरला दिलेली, आता साठी उलटलेली, नातवंडांची आजी. आणि 'आणणे' म्हणजे काय ते नीट सांगतो, कारण सगळा गोंधळ तिथेच आहे. अक्षय्य तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो. बाकी लोक त्या दिवशी सोनं घेतात. आमच्या खानदेशात लेकी माहेरी येतात. आपापल्या उठून येत नाहीत. माहेरचं माणूस, शक्यतो भाऊ, सासरी जाऊन घेऊन येतो. त्याला मुराळी म्हणतात. आदल्या आठवड्यापासून गल्लीत चौकशा सुरू होतात, हिचा आला का, तिचा आला का. ज्या बाईचा येत नाही तिच्याकडे बाकीच्या कशा बघतात, ते मी लहानपणापासून पाहिलंय.

मी दरवर्षी जात होतो. आई पाठीमागे लागायची म्हणून जात होतो, हे तेव्हा कळलं नाही. आई मागच्या दिवाळीआधी गेली. म्हणजे यंदाची आखाजी बिनआईची पहिली. आईमागे माहेर उरलं की संपलं, याचा निकाल लेकीला याच वर्षी लागतो. अक्का वाट बघत असणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. पण मी पडलो कंट्रोलर! बुकिंग करताना कॅलेंडर पाहिलं: आखाजीच्या दिवशी दुपारी बाराला आपण जळगावात. आखाजीला गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर भरतात; आईची पहिली घागर भरायची होती, तिला मी हजर. मग अडचण काय? फेरी रद्द नाही, फक्त गाडी बदललेली. स्वतःच्या हुशारीवर मी इतका खूष होतो की बायकोलाही दोनदा ऐकवलं.

पेनांगच्या फरशीवरून अक्काला फोन लावला.

"अक्का, मी बोलतोय, मलेशियाहून."

"काय झाये रे? तब्येत बरी शे ना?"

तब्येत बरी होती. मी तिला वेळापत्रक सांगितलं. उद्या सकाळी आठला दारात गाडी येईल. एसी आहे. ड्रायव्हर ओळखीचा आहे. तू पुढे हो, किल्ली शेजारच्या काकूंकडे ठेवलीय. घागर, डांगर म्हणजे आमचं खरबूज, आंबे आणून ठेव, सांजोऱ्या करून ठेव, म्हणजे आम्ही आलो की लगेच घागर भरता येईल.

तिकडचा भांड्यांचा आवाज थांबला. मला वाटलं, नेट गेलं.

"घरमा कोन शे?" तिने विचारलं.

"कोणी नाही. म्हणून तर किल्ली."

"म्हंजे मी कुलूप उघाडीसन माहेरले जाऊ?"

"अगं, तुझंच तर घर आहे!" मी म्हणालो. हे वाक्य बोलायला काही लागत नाही. निम्मे भाऊ जन्मभर याच्यावरच भागवतात.

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

झालं काम! यादीत पाचव्या कामापुढे खूण केली. आणि आता हात रिकामाच होता म्हणून अंगात आलं. ड्रायव्हरला एक आवाज रेकॉर्ड करून पाठवला, दारात गेलास की अक्काला ऐकव म्हणून. गंमत म्हणून स्टँडवरच्या आवाजात बोललो होतो: "कृपया इकडे लक्ष द्या. पिंपळनेरहून जळगावकडे जाणारी गाडी दारात उभी आहे. अक्कांनी आपल्या सामानासह बसून घ्यावे." भिंतीला टेकलेली सगळी मंडळी खदाखदा हसली. एकाने तर परत ऐकवा म्हणून आग्रह केला. मीही ऐकवला. कुठून बुद्धी झाली देव जाणे!

दुसऱ्या दिवशी फुकेटला उतरलो. बायको शिंपल्यांच्या माळा बघत होती, मी नेट बघत होतो. मिळाल्याबरोबर ड्रायव्हरचाच फोन आला.

"साहेब, अक्का बसत नाहीत."

"बसत नाहीत म्हणजे?"

त्याने सगळं सांगितलं. गाडी लागली तेव्हा अक्का नवं लुगडं नेसून, पिशवी भरून ओट्यावर तयार बसली होती. गल्लीतल्या पाच-सात बायका जमल्या होत्या, मुराळी आला म्हणून बघायला. अक्का गाडीजवळ आली, पुढच्या सीटवर बघितलं, मग वाकून मागच्या सीटवर बघितलं आणि विचारलं, "भाऊ कोठे शे?" उत्तर म्हणून या शहाण्याने फोन मोठा करून माझा आवाज लावला. सगळ्या गल्लीने ऐकला. अक्कांनी आपल्या सामानासह बसून घ्यावे. बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

"मग?"

"मग अक्का मला म्हणाल्या, 'तू मना भाऊ शे का रे? नही ना? मंग घरमा ये, भाकर खाय आन् जाय.' मला पोटभर जेवू घातलं साहेब. तुमच्यासाठी पापड दिलेत. गाडी रिकामी आणली."

माझा पारा चढला. काय हे मानपान! साठीची बाई, दोन बसा बदलून एरवी एकटी साक्रीला, धुळ्याला जाते, बाजार करते, दवाखाना करते, आणि एसी गाडी दारात आली तर नखरे! जग चंद्रावर चाललं आणि आमच्याकडे अजून मुराळी! असं बरंच काही मी फुकेटच्या रस्त्यात उभं राहून बोललो. अक्काला फोन लावला तर दाजींनी उचलला. "ती कामात शे," एवढंच म्हणाले. परत लावला, उचललाच नाही.

बायको माळ हातात घेऊन शांतपणे ऐकत होती.

"आपलं लग्न झालं त्याच्या दुसऱ्या वर्षी माझा भाऊ आला नव्हता," ती म्हणाली. "आठवतं? त्याने चिठ्ठी पाठवली होती, शेतात काम आहे, ताईला बसमध्ये बसवून द्या म्हणून."

"मग?"

"मग तुम्ही काय म्हणालात ते सांगू का? म्हणालात, 'तुझ्या माहेरी तुझी किंमत काय ते कळलं.' तीन दिवस म्हणत होतात. मी तेव्हा रडले होते, ते तुम्हाला दिसलं नाही, कारण तुम्ही ड्युटीवर होतात."

मी माळेचे पैसे दिले आणि बोटीकडे वळलो. पुढचे दोन दिवस बोटीवर गाणी झाली, नाच झाले, कोणीतरी बर्फाचा हंस केला होता त्याच्याबरोबर सगळ्यांनी फोटो काढले. मला फोटोत हसायला सांगितलं तसा हसलो. मनातून लाज वाटत होती. खरी लाज त्या आवाजाची नव्हती. मी मलेशियात आहे हे ठाऊक असूनही अक्काने मागच्या सीटवर वाकून बघितलं होतं, तिला वाटलं असेल भाऊ गंमत करून आलाय आणि मागे झोपलाय, याची होती.

आखाजीच्या दिवशी मुंबईहून आमची बस सकाळी दहाला धुळ्यात चहाला थांबली. मी पिशवी काढली आणि उतरलो.

"अहो, कुठे?"

"अक्काला आणतो. संध्याकाळपर्यंत येतो."

"आणि घागर?"

"संध्याकाळी भरू."

"संध्याकाळी घागर भरतात होय?" बायको म्हणाली, पण तिने अडवलं नाही.

पिंपळनेरची बस उभीच होती. भर उन्हात, खिडकीच्या तापलेल्या गजाला कोपर लागत, उभ्याने साक्रीपर्यंत आलो. साडेबाराला गल्लीत शिरलो तेव्हा आखाजीसाठी झाडाला बांधलेल्या झोक्यावरच्या बायांपैकी एक दुसरीला म्हणाली, "देख वो, फोनमाधला भाऊ उना!" मी मान खाली घालून पुढे गेलो. बरोबरच होतं तिचं.

अक्का ओसरीवर होती. तिच्यासमोर पाटावर घागर होती, लाल, कोरी, पाण्याने भरलेली, वर डांगर, आंबा, सांजोरी. हळदकुंकू वाहिलेलं. मी बघतच राहिलो. दाजींच्या घरची घागर पलीकडे वेगळी होती. ही कोणाची ते विचारायची गरज नव्हती.

"अक्का, चल. न्यायला आलोय," मी म्हणालो. "चुकलो मी. पिशवी घे, आत्ता निघू. जळगावला जाऊन भरू आपण घागर."

"हातपाय धो," ती म्हणाली. "उन्हमा उना तू."

आवाजात राग नव्हता. राग असता तर मी पाया पडून काढला असता. मी हातपाय धुऊन आलो. तिने घागरीसमोर एक पाट मांडला होता, पुढे पान वाढलं होतं. पुरणपोळी, रस, कुरडई, भजी. आमच्याकडे घागर भरली की गेलेल्या माणसाच्या नावाने कोणालातरी जेवू घालतात. पोरगा पाणी सोडतो, आणि पानावर बसवतात ते बाहेरच्या माणसाला, घरच्याला नाही. म्हणून मी पाटाकडे न जाता तांब्याकडे हात नेला. आईला पाणी सोडणारा मीच होतो, दुसरा कोण?

अक्काने तांब्या उचलून आपल्या बाजूला ठेवला.

"पानी मी आज सकायमाच सोडं," ती म्हणाली. "घरनं मानूस भरस, बाहेरना जेवस. तू बस. मी पाव्हनानी वाटच देखी राहिंतू."

मी पाटावर बसलो. तिने पानाभोवती पाणी फिरवलं, आईचं नाव घेतलं आणि मला जेवायला सुरुवात करा असं हाताने खुणावलं. रस तिने दोनदा आग्रह करून वाढला.